तिसरा वाटा

गच्चीवर भुताखेतांवरून पोरांची टिंगल चालली होती. वसंतअण्णा म्हणाले, "हसून घ्या. आपल्या खालच्या मजल्यावर रखमाकाकू होत्या ना, त्यांच्या रुपालीच्या बाबतीत घडलंय हे. तिने स्वतः मला सांगितलं." पोरं सरकून जवळ आली.

गेल्या माघातली गोष्ट. रथसप्तमीची आदली रात्र. रखमाकाकूंना जाऊन महिना होत आला होता आणि खोली बिल्डरला रिकामी करून द्यायची होती. रुपाली संध्याकाळी हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन मांजरपाटाचं कापड घेऊन आली. आईच्या वस्तूंची दोन गाठोडी बांधायची होती, एक तिचं, एक थोरल्या भावाचं, गौतमचं.

भांडण म्हणाल तर अजिबात नाही. उलट दोघं एकमेकांपुढेच सारत होती.

"हंडा तू ने गो."

"पाटल्या वहिनीला दे रे दादा."

रुपालीने एकच गोष्ट मागून घेतली. आईची रोजच्या नेसणीतली चॉकलेटी साडी. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. शेवटी शेवटी आई कुणालाच ओळखत नव्हती, रुपालीलाही नाही. पण साडीला आईचा वास अजून होता. तिने ती तोंडावर धरली, आणि इतक्या दिवसांनी तिला पहिल्यांदा रडू फुटलं.

दोन्ही ढीग भिंतीशी लावून भाऊबहीण तिथेच आडवी झाली.

मध्यरात्री कधीतरी रुपालीला जाग आली. ढीग तीन होते.

तिसऱ्यात चॉकलेटी साडी. तिच्यावर पितळेची छोटी वाटी.

तिच्या डोक्यात सणक गेली. गौतमला गदागदा हलवलं. "दादा, साडी हवी होती तर तोंडाने मागायचीस. अशी चोरून कसली काढतोस?"

"मी? आईशपथ गो, मी उठलोच नाही."

तिने साडी उचलून आपल्या ढिगात ठेवली. दाराची कडी बघितली. आतून लावलेली. मग दिवा तसाच ठेवून दोघं भिंतीला टेकून बसली. डोळा लागला, एवढासाच.

ढीग तीन.

साडी आता चौपदरी घडीत. बाळाखाली घालतात तशी. शेजारी वाटी.

गौतम वाटीकडे बघत मागे सरकला.

"दादा... काय झालं?"

"नलू..."

"कोण नलू?"

त्याने वाटी उचलून तिच्या हातात दिली.

"तुझ्या आधीची. ही वाटी तिची. दोन वर्षांची झाली नि... तापात गेली. आईने शपथ घातली होती. घरात नाव काढायचं नाही."

रुपालीने वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. तिला एक बहीण होती. आणि आईला विचारायची सोय आता उरली नव्हती.

तिने साडी हातात घेतली. सोडवेना. एकदा नाकाशी धरली... मग तिनेच ती खाली अंथरली. हाताने सुरकुत्या काढल्या.

"घे गो बाय. तुझीच आहे."

दिवा मालवला.

काही आवाज नाही. काहीच नाही...

उजाडल्यावर ती साडी उचलायला वाकली. आणि थबकली.

पदराचं टोक ओलं होतं.

झोपेत लहान लेकरू चोखत राहतं ना... तसं.