खोडलेल्या नावाशेजारची चिमणी

विमानाला शिडी लागली, प्रवासी उतरू लागले, आणि सगळ्यांत शेवटी उतरणाऱ्या उंच, सडपातळ माणसाच्या हातातली फाइल वाऱ्यानं उघडली. कागद सुटले. एक, दोन, दहा... पाखरांचा थवा उठावा तसे धावपट्टीकडे निघाले.

"कोणी हलू नका," चिमणी म्हणाली आणि स्वतःच धावत सुटली.

त्या विमानतळावर हेही काम तिचंच होतं. तिकिटं तपासायची ती, सामान चढवायची ती, घोषणा करायची ती, आणि विमान उतरण्याआधी सायकलवरून जाऊन धावपट्टीवरच्या मेंढ्या हाकायच्या त्याही तिनंच. सुटा कागद इंजिनात गेला तर काय होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. नऊ कागद तिनं पकडले. दहावा वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीच्या खांबाला जाऊन चिकटला होता. तो सोडवताना तिची नजर वरच्या ओळीवर पडली.

'विमानतळाचे अनुदान बंद करण्याबाबत...'

पुढचं वाचायच्या आत एक हात समोर आला.

"माफ करा... माझे आहेत," तो धापा टाकत म्हणाला. चष्म्यावर पावसाचे बारीक थेंब होते आणि त्यातून त्याला काही दिसत असेल असं वाटत नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली. "पण आमचं मरण इतक्या सैल हातानं धरू नका. इथे वारा असतो."

त्यानं चष्मा काढून पुसला. मग तिच्याकडे नीट पाहिलं – आणि पाहतच राहिला, कागद घ्यायचं विसरून.

असं कुणीतरी येणार हे गावाला माहीत होतंच. एकोणीस खुर्च्यांचं ते विमान दिवसातून एकदा यायचं आणि तासाभरानं परत जायचं. तिकिटांच्या पैशांत त्याचं इंधनसुद्धा निघत नसे. उरलेला भार सरकार उचलायचं, पण एका अटीवर: दर फेरीला सरासरी नऊ तरी प्रवासी हवेत. गावाची सरासरी आठाच्या थोडी पुढे जाऊन अडली होती. म्हणून विभागानं तीन आठवडे मोजणी करायला हा तरुण पाठवला. संध्याकाळपर्यंत गावानं त्याचं बारसंही करून टाकलं: मोजणीसाहेब.

चिमणीला मात्र लहानपणापासून सगळे चिमणीच म्हणत. तिचे बाबा विमानतळावरचं कॅन्टीन चालवायचे, आणि ती शाळेतून आली की कुंपणाच्या भिंतीवर बसून विमानाची वाट बघायची, म्हणून.

"हे नाव बदलावं लागेल," दुसऱ्या दिवशी मोजणीसाहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "विमानतळाच्या हद्दीत पक्षी असू नयेत, असा नियम आहे."

"मग लिहा की अहवालात. एक पक्षी आढळला, हाकलला तरी जात नाही."

"हाकलून पाहिला नाही अजून," तो म्हणाला, आणि कान लाल झाले ते लपवायला वहीत डोकं खुपसून बसला.

आता विमान लहान, धावपट्टी आखूड. अशा ठिकाणी किलोकिलोचा हिशेब असतो. म्हणून सामानाबरोबर माणसांचंही वजन होतं. प्रवासी आपल्या बॅगेसकट काट्यावर उभा राहतो, आणि चिमणी आकडा वहीत लिहिते. काट्याची तबकडी तिनं स्वतःकडे वळवून ठेवली होती. वजन ती कधी मोठ्यानं सांगत नसे. गावातल्या कितीतरी बायका एवढ्या एका कारणासाठी तिला आशीर्वाद देत.

काटा रोज सकाळी तपासावा लागे. त्यासाठीची लोखंडी वजनं त्या महिन्यात शिक्का मारून आणायला शहरात गेली होती. बाबांना उभं करावं तर बाबांच्या वजनाचा भरवसा नाही.

"साहेब, तुमचं वजन किती?" तिनं विचारलं.

"चौसष्ट. कॉलेजपासून तेवढंच."

"उत्तम. उद्यापासून सकाळी सातला काट्यावर या. सरकारी माणूस आहात, सरकारी वजन म्हणून चालाल."

तो रोज सातला येऊ लागला. काट्यावर उभा राहायचा, ती तबकडी बघायची, तो तिच्याकडे बघायचा. दोन मिनिटांचं काम, पण हळूहळू त्याला पाव तास लागू लागला. दहाव्या दिवशी काटा पासष्ट दाखवू लागला. तेराव्या दिवशी सहासष्ट. चिमणी काळजीत पडली. तिनं काटा उघडून स्प्रिंगला तेल दिलं, पाणसळ लावून खालची फरशी समपातळीत आहे का ते पाहिलं, शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

बाबा कॅन्टीनच्या खिडकीतून हे सगळं बघत होते. "चिमणे, काट्याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "साहेब रोज माझ्याकडे तीन अंड्यांचं ऑम्लेट खातात. वर लोणी लावलेला पाव."

"साहेब?" तिनं कमरेवर हात ठेवले.

"बाबा नाही म्हणू देत नाहीत," तो खाली बघत म्हणाला. "आणि खरं सांगू... खिडकीजवळच्या त्या टेबलावरून तुमचा काउंटर दिसतो. एका अंड्याचं ऑम्लेट लगेच संपतं, मग उठावं लागतं."

ती वळून दुरुस्तीवाल्याला पुन्हा फोन लावू लागली, 'येऊ नका' म्हणून सांगायला. नंबर तीनदा चुकला.

हसणं-बोलणं होतं, पण संध्याकाळी तो वहीत आकडा मांडायचा तेव्हा ते थांबायचं. आज सात. आज दहा. आज आठ. विमान बंद झालं तर शहर बसनं नऊ तास. तिची नोकरी जाईल, बाबांचं कॅन्टीन जाईल, पण त्याहून मोठं दुखणं तिला ठाऊक होतं. ते सोळाव्या दिवशी त्यालाही दिसलं.

त्या दिवशी अकरा प्रवासी आले होते. सगळ्यांची वजनं झाली होती. इतक्यात फाटकातून रुग्णवाहिका आत आली. स्ट्रेचरवर एक सुतार होता, छातीत दुखू लागलेला, बरोबर त्याची बायको आणि परिचारिका. विमानात स्ट्रेचर ठेवायचं तर मागच्या सहा खुर्च्या दुमडाव्या लागत. शिवाय प्राणवायूची नळकांडी, यंत्रं... एवढं सगळं घेऊन त्या आखूड धावपट्टीवरून बाकी साऱ्यांना नेणं शक्यच नव्हतं.

चिमणीनं माईक घेतला. खोलीत जेमतेम डझनभर माणसं, हाक मारली तरी ऐकू गेलं असतं, पण नियम म्हणजे नियम. "आज सात जणांना थांबावं लागेल."

कुणी भांडलं नाही. कुणी का म्हणून विचारलं नाही. शाळेच्या बाई उठल्या, त्यांचं प्रशिक्षण होतं. घड्याळजी उठले. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली एक आई क्षणभर बसून राहिली, मग तीही उठायला लागली, तेव्हा शेजारच्या तरुणानं तिला बसवलं आणि स्वतः उठला. सात माणसं बॅगा उचलून बसथांब्याकडे चालू लागली.

विमान गेलं. मोजणीसाहेबानं वहीत लिहिलं: सात. चार प्रवासी, रुग्ण, बायको, परिचारिका.

"असं किती वेळा होतं?" त्यानं विचारलं.

"आठवड्यातून एकदा तरी."

"आणि हे जे थांबले, ते कुठे लिहिता?"

"कुठेच नाही. तिकिटाचे पैसे परत देते. तुमच्या तक्त्यात चढलेल्यांचा रकाना आहे. थांबलेल्यांचा नाही."

त्यानं काट्याकडे पाहिलं. "पण त्यांचं वजन तर झालं होतं."

चिमणीनं हातातली वही उघडली. दोन वर्षं ती हे काम करत होती, आणि एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. काट्याच्या वहीत प्रत्येक आलेला माणूस होता.

पुढचे तीन दिवस त्यानं त्या जुन्या वह्या टेबलावर मांडून ठेवल्या. बाबा ऑम्लेट आणून ठेवायचे आणि ते थंड व्हायचं. चौथ्या दिवशी त्यानं तिला बोलावलं.

"ही खोडलेली नावं समजली. पण प्रत्येकाशेजारी पेन्सिलीनं हे काय काढलंय? स्वल्पविराम?"

"चिमणी आहे ती," ती जरा रागानंच म्हणाली. "त्या घाईत कुणाला धन्यवाद म्हणायला वेळ नसतो. म्हणून... नंतर काढते."

त्यानं पानं चाळली. दोन वर्षांच्या पानांवर, समासासमासात, बारक्या चिमण्या बसल्या होत्या. मग तो म्हणाला, "ह्या धरल्या, तर सरासरी नऊच्या वर जाते."

त्या रात्री तिला छान झोप लागली. आणि सकाळी सात वाजता काट्यावर कुणी आलं नाही.

तो आला तो थेट दुपारी, बॅग घेऊन, प्रवासी म्हणून. एकविसावा दिवस होता. बाहेर रिपरिप चालू होती.

"अहवालावर मी सही केलेली नाही," तो काट्यासमोर उभा राहून म्हणाला. "वरिष्ठांना फोन केला. ह्या कामातून मला काढा म्हणालो. पुढच्या आठवड्यात आमच्या विभागाच्या मोठ्या बाई येतील. सगळ्या वह्या पहिल्यापासून तपासतील."

चिमणीच्या हातातलं पेन थांबलं. "म्हणजे तुमचा आकड्यांवर विश्वास नाही."

"आकडे खरे आहेत."

"मग पळ का काढताय? एक सही होती फक्त." तिनं वहीचं पान फाडकन उलटलं. "उभे राहा काट्यावर. मागे रांग आहे."

तो उभा राहिला. तिनं तबकडीकडे पाहिलं, लिहिलं, आणि वर न बघता म्हणाली, "पुढचे."

त्याच वेळी फाटकापाशी रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. शेतावरची एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची, हात यंत्रात सापडलेला. चिमणीनं डोळे कोरडे केले आणि माईक घेतला. "आज सहा जणांना..."

वाक्य पुरं व्हायच्या आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सगळ्यांत आधी मोजणीसाहेब उठला होता.

विमान ढगांत शिरेपर्यंत ती बाहेर पावसात उभी राहिली. आत आली तेव्हा तो खिडकीजवळच्या टेबलावर बसला होता, समोर चहा. बाबा उगीचच आतल्या खोलीत जाऊन पातेली घासत होते, आणि घासण्याचा आवाज मुळीच येत नव्हता.

"सांगा आता," ती समोर बसत म्हणाली. "सही का नाही केली?"

"उद्या कुणी विचारलं असतं," तो चहाच्या कपाशी बोलत असल्यासारखा म्हणाला, "की मोजणारा तीन आठवडे कुणाकडे बघत मोजत होता... तर मला खरं उत्तर द्यावं लागलं असतं. मग तुमचे खरे आकडेही खोटे ठरले असते. मला ते नको होतं. विमान राहायला हवं, आणि... मला तुम्हाला काहीतरी सांगायचंही होतं. दोन्ही एकाच सहीत बसत नव्हतं."

"काय सांगायचं होतं?"

"तेच, जे आता सांगितलं."

बाहेर पन्हळीतून पाणी गळत होतं. चिमणीनं टेबलावरचे पावाचे कण एका जागी गोळा केले.

"निकाल लागेपर्यंत मी काही बोलणार नाही," ती अखेर म्हणाली. "मलाही कुणी विचारलं, तर खरं उत्तर देता आलं पाहिजे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. आणि हसला.

ती उठली, काउंटरवरून वही आणली आणि त्याच्यासमोर उघडून ठेवली. त्याचं नाव खोडलेलं होतं. शेजारी चिमणी होती, बाकीच्यांपेक्षा थोडी मोठी.

"वजन सदुसष्ट, बॅग वगळून," ती हळूच म्हणाली. त्या काउंटरवरून कुणाचं वजन तोंडानं सांगितलं गेलं, ते पहिल्यांदाच.

मोठ्या बाई आल्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज खणखणीत. काट्यावर चढून म्हणाल्या, "मोठ्यानं सांग मुली, मी कुणाला भीत नाही." पाच दिवस त्यांनी वह्या उलटसुलट तपासल्या, थांबलेल्या बावीस जणांना घरी जाऊन भेटल्या. दीड महिन्यानं पत्र आलं. अनुदान आणखी दोन वर्षं चालू राहणार होतं. त्यानंतर पुन्हा मोजणी. सोबत नवा तक्ता होता, आणि त्यात एक जास्तीचा रकाना: थांबलेले.

बाबांनी ते पत्र कॅन्टीनच्या काचेला आतून चिकटवलं.

त्या शनिवारी विमानातून तो उतरला. या वेळी हातात फाइल नव्हती. रविवारी परत जायला काउंटरवर आला, तेव्हा ऊन स्वच्छ पडलं होतं आणि विमानात आठ खुर्च्या रिकाम्या होत्या. तो काट्यावर उभा राहिला. चिमणीनं वजन लिहिलं, नाव लिहिलं. मग त्याच्या देखत नावावर सरळ रेघ मारली आणि पेन्सिल उचलून शेजारी सावकाश, पंखासकट, चिमणी काढू लागली.

त्यानं वाकून पाहिलं. "आज तर रुग्णवाहिका आलेली नाही."

"नाही."

"खुर्च्याही रिकाम्या आहेत."

"आहेत."

"मग ही नोंद चुकीची नाही का?"

"ते तुमच्यावर आहे," ती वर न बघता म्हणाली. कान मात्र या वेळी तिचे लाल झाले होते. "चुकीची ठरवायची असेल तर विमान समोर उभं आहे. दार बंद व्हायला अजून चार मिनिटं आहेत."

त्यानं काचेतून विमानाकडे पाहिलं. मग खाली वाकून बॅग उचलली आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे चालू लागला.

"बाबा," त्यानं आत हाक दिली, "ऑम्लेट दोन अंड्यांचंच करा. उद्या सातला काट्यावर उभं राहायचंय."