पाय पुसून

दुपारच्या झोपेत उशीखालची चकती थरथरली, तेव्हा ताईने ती उपसून बाजूला टाकली, कूस बदलली आणि डोळे न उघडताच हातांनी खुणावले, "एवढी शिकलीस आणि उशीत भुंगा कोंडलास!"

धाकटी बहीण अभियंता होती. टोमणा तिने निरीक्षण म्हणून स्वीकारला. रसायनांच्या कारखान्याचा भोंगा ज्यांच्या कानांपर्यंत पोहोचत नाही, त्यांना ही चकती जागे करणार होती. मागच्या वायुगळतीत भोंगा वाजला, सगळी इमारत खाली उतरली आणि जन्मापासून बहिऱ्या असलेल्या ताईला उठवायला आई पुन्हा वर गेली. ताई वाचली. आई जिन्यातच राहिली. यापुढे कुणालाही असा जिना चढावा लागू नये, हे धाकटीने मनाशी पक्के केले होते.

आई ताईला उठवायची ती पाय आपटून. दोनदा हलके, एकदा जोरात. फरशीतून ते पलंगाला कळायचे. धाकटीने चकतीच्या मोटारीला तोच ठेका दिला.

या खेपेस ताई ताडकन उठून बसली. दाराकडे पाहत तिने विचारले, "पाय पुसून आली?"

"कोण?"

"आई. तशीच यायची ना?"

"जुनी सवय आहे तुझी. मेंदू उरलेलं भरून काढतो," धाकटीने हातांनी समजावले आणि स्वतः उशीवर गाल टेकला.

आधी पायपुसण्यावर पाय घासल्यासारखी सरसर. मग ठेका.

सरसर तिने घातली नव्हती. तिने मोटार बदलली, तारा बदलल्या, दुसऱ्या घरात नेऊन पाहिले. वीज मोजली. ठेक्याला काटा हलत होता. सरसरीला तो शून्यावर स्वस्थ होता.

"काढून टाक ते," ताईने खुणावले. "अंगावर काटा येतो."

"पण उठतेस ना?"

"लगेच."

"मग राहू दे."

न कळलेल्या गोष्टीला धाकटीच्या शास्त्रात जागा होती. न उठलेल्या माणसाला नव्हती. चकत्या घरोघरी गेल्या.

भोंग्याच्या सरावाच्या दिवशी ती वस्तीच्या टोकाला, निवृत्त मास्तरांच्या दारासमोर उभी राहिली. म्हातारपणी त्यांचे डोळे गेले, मग कान. आजवर प्रत्येक सरावात त्यांना कुणीतरी हाताला धरून बाहेर आणले होते.

भोंगा वाजला.

कुणी आत गेले नाही.

कडी सरकली. मास्तर काठी टेकत एकटेच बाहेर आले.

धाकटी पुढे धावली. तिने त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरे काढली: 'जमलं!'

"जमणारच," मास्तर हसले. "तुमच्या बाई फार नेमाच्या आहेत."

तिने पुन्हा बोट टेकवले. 'कोणत्या बाई?'

"त्याच, पाय पुसून येतात त्या. येताना बरोबर कळतात." मास्तरांनी उघड्या दाराकडे मान वळवली. "परत गेल्याचं मात्र अजून एकदाही कळलं नाही."