सतरा बेवारस वाक्यं

जो खंड मला तातडीनं हवा होता, त्याच्यावर डोकं ठेवून एक माणूस ग्रंथालयात चक्क झोपला होता. भर दुपारी! मी टेबलावर टकटक केली. त्यानं एक डोळा उघडला.

"पुस्तक हवंय."

"पाच मिनिटं थांबाल? स्वप्न शेवटच्या प्रकरणात आहे…"

मी थांबले नाही. पुस्तक ओढलं. त्याचं डोकं टेबलावर आपटलं आणि आमची ओळख झाली.

मी एका प्रकाशनसंस्थेत छापायला जाणारा मजकूर तपासते. आयर्लंडच्या एका गाजलेल्या, कधीच वारलेल्या लेखकाची चटकदार वचनं आम्ही आमच्या भाषेत काढत होतो. प्रत्येक वचन मूळ कुठल्या पुस्तकात आहे ते शोधायचं, मग खाली सही करायची, हे माझं काम. आणि ही दोनशे वचनं निवडून अनुवाद करणारा महाभाग कोण? तर हाच झोपाळू! मी त्याचं नाव सुभाषितराव ठेवलं.

पुढचा महिनाभर त्यानं माझं डोकं खाल्लं. उशीर का झाला विचारलं, तर – "घड्याळ नेहमी वेळेवर असतं, म्हणून तर कुणी त्याच्याकडे प्रेमानं बघत नाही." माझ्या कागदांवर चहा सांडला, तर – "ज्याच्या हातून काहीच सांडत नाही, त्याचा कप रिकामा असतो." एक उत्तर सरळ देईल तर शपथ!

"हेसुद्धा त्याचंच वचन का?" मी दात-ओठ खात विचारायची.

"अर्थात!" म्हणायचा, आणि असा काही बघायचा की तपासलेली ओळ मी पुन्हा तपासत बसायची.

घरी आत्याचं वेगळंच. "रोज त्याच्या नावानं खडे फोडतेस, आणि कानातले मात्र रोज नवे!"

"आत्या, पुरे हं."

शेवटच्या आठवड्यात सतरा वचनं उरली. नाटकं, पत्रं, सगळे खंड पालथे घातले, कुठेच सापडेनात. वैताग म्हणजे नेमकी तीच सगळ्यात सुंदर! एक तर मी माझ्या वहीत उतरवून घेतलं होतं – 'एकटेपणाची सवय होते. कुणी दार वाजवलं की ती मोडते.'

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी मी त्याला कचेरीत समोर बसवलं. "ही सतरा कुठून आणलीत?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ती… माझी आहेत."

"तुमची?"

"माझ्या नावानं दिली की संपादक जांभया देतात. त्याच्या नावाखाली घातली की वाहवा! राहू द्या ना. तो थोडाच तक्रार करायला येणार आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोट्या पुस्तकावर माझी सही! मी लाल पेन उचललं आणि एकेका वाक्यावर रेघ ओढत गेले. सतरावं वाक्य माझ्या वहीतलं होतं, त्यावरही ओढली.

"एवढी वाईट आहेत?" त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"चांगली आहेत हो, म्हणून तर चीड येते! वहीत लिहून घेतलं मी तुमचं वाक्य, आणि खाली नाव कुणाचं? त्याचं! महिनाभर मी एका मेलेल्या माणसाच्या प्रेमात पडत होते, मूर्खासारखी…"

मी जीभ चावली. फार उशिरा चावली.

"प्रेमात?"

"विषय बदलू नका."

त्यानं लाल रेघांचे ते कागद बाजूला सारले. मग म्हणाला, "मला तुम्ही आवडता. खूप आवडता. तुम्ही नाही म्हणालात तर मी काय करायचं… मला खरंच माहीत नाही."

मी वाट बघितली. आता येईल एखादी कोटी, आता काढेल चिमटा. काहीच आलं नाही. त्याचे कान लाल झाले होते आणि तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. इतक्या दिवसांचा माझा राग कुठे गेला कोण जाणे, डोळेच भरून आले.

मी त्याचा हात धरला. "आता काहीतरी गमतीचं बोला हो, नाहीतर मी इथेच रडेन."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं…

त्या बडबड्याला एक वाक्य सुचेल तर शपथ! मग मी रडलेच.