एक कोयता, दोन नावं

पारगावजवळ ऊसतोड कामगारांच्या खोप्या पडल्या होत्या. अमृता तिथे पहिल्यांदा गेली, तेव्हा एक उंचापुरा परदेशी तरुण उसाच्या शेंड्यांच्या हिरव्या वाढ्यांची मोळी बांधत होता. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती आणि बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या.

तो दानिएल. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात एम.ए. करता करता मजुरांच्या हक्कांचं काम करायला इकडे आलेला. त्याचे आजोबाही ऊसच तोडायचे. मराठी मोडकंतोडकं, शंका मात्र अखंड. जवळच्याच निरगुडसरची अमृता पुण्यात समाजकार्य शिकत होती, म्हणून दुभाषीपण तिच्या गळ्यात पडलं.

दुपारी टोळीतल्या ठकूबाईने दोघांपुढे एकच ताट ठेवलं.

"तुमचा कोयता नवा दिसतोय."

"काय म्हणाल्या?" दानिएलने इंग्रजीत विचारलं.

"भाकरी... गरम आहे म्हणाल्या." अमृताचे कान तापले होते.

कारण इथे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम जोडी मोजायचा आणि मजुरी नवऱ्याच्या हातात द्यायचा. बाईचं नाव वेगळं लिहा, तिची मजुरी तिला द्या, म्हणून दोघं हंगामभर त्याच्याशी हुज्जत घालत राहिले. अन् हीच अमृता त्या एका ताटाच्या आठवणीने मनातल्या मनात सुखावायची. तिचं तिलाच नवल वाटायचं.

मार्चमध्ये मुकादम नमला. ठकूबाईच्या तळहातावर तिची मजुरी पडली. ती कितीतरी वेळ मूठ उघडून बघत होती.

मग हंगाम संपला, गावी परतायला गाड्या भरल्या. दानिएलही परत निघाला होता. अमृताला खूप काही बोलायचं होतं.

"पावणं, पुढच्या साली येनार न्हवं?" ठकूबाईने विचारलं.

"एकटा आलो तर अर्धा कोयता," दानिएल मराठीत सावकाश म्हणाला. "मला अर्धा नाही राहायचं."

अमृता बघतच राहिली. "तुला... कळलं होतं?"

"पहिल्याच आठवड्यात. टोळीतल्या जानकूला विचारलं." आता तो इंग्रजीत आला. "आणि भाकरी गार होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू अजून काय काय लपवतेस, ते बघायचं होतं. अमृता... माझ्याबरोबर राहशील? इथे, तिथे, तू म्हणशील तिथे."

तिला हसू आलं, डोळेही भरले.

"राहीन. पण नावं दोन लिहायची."

"तुझं आधी."

"काय म्हनला गं त्यो?" ठकूबाईला राहवेना.

या वेळी अमृताने एकही शब्द न गाळता सांगितलं.