अनवाणी फेरीचे प्रमुख पाहुणे

"पळायचं नाही. पळेल तो बाद. थांबेल तो बाद. 'आई गं' म्हणेल तोही बाद," मास्तरनं नियम वाचून दाखवले. नियम तीन वर्षांपूर्वी त्यानंच लिहिले होते आणि सगळ्यांना तोंडपाठ होते, पण वाचून दाखवल्याशिवाय त्याचं पाऊल उचलत नसे.

"तुझं वाचून होईपर्यंत उन्हाळा लागेल," भिंगरी म्हणाली. ती या पायावरून त्या पायावर नाचत होती. तिला एका जागी उभं राहिलेलं तिच्या आईनंही कधी पाहिलं नव्हतं, म्हणूनच तिचं हे नाव पडलं होतं. तिचा धाकटा भाऊ सतत तिच्या मागे मागे असायचा, म्हणून तो शेपूट. आणि मास्तर शाळेतल्या खऱ्या मास्तरांच्याही चुका काढायचा.

हिवाळ्याची सुट्टी लागली की गल्लीतली शहाणी माणसं दारं-खिडक्या लावून पांघरुणात शिरायची. या तिघांनी मात्र हिवाळा साजरा करायची स्वतःची रीत काढली होती. मास्तरच्या खिडकीबाहेरच्या तापमापकात पारा पहिल्यांदा सहाच्या खाली गेला, की त्या सकाळी बूट-मोजे उतरवायचे आणि धुलाईघराच्या दारापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत दगडी गल्लीतून अनवाणी चालायचं. शेवटपर्यंत जो टिकेल त्याचे मोजे हरलेल्यांनी धुलाईघराच्या बॉयलरवर गरम करून आणायचे. हा सण कुठल्याच कॅलेंडरमध्ये नव्हता, आणि त्याचा तिघांना फार अभिमान होता.

तर गुरुवारी सकाळी फेरी निघाली. दगड असे गार होते की तळव्यांना चावत होते. अर्ध्या वाटेवर गल्लीच्या डाव्या भिंतीशी शेपूट उभा राहिला.

"शेपूट बाद," मास्तरनं जाहीर केलं.

"मी नाही थांबलो. पाय थांबलेत," शेपूट म्हणाला. "ते म्हणतात, इथंच राहू या."

भिंगरी चिडून त्याला ओढायला गेली आणि तीही तिथंच थबकली. पायाखालचा दगड चक्क कोमट होता. तिनं पुढचा दगड चाचपला, तो गरम. त्याच्या पुढचा त्याहून गरम. सूर्य अजून दवाखान्याच्या गच्चीमागे होता आणि तिघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

"मागच्या वर्षी इथं तू 'आई गं' म्हणालास," भिंगरी मास्तरला म्हणाली.

"मी 'आई' एवढंच म्हणालो होतो. 'गं' नाही," मास्तर म्हणाला, पण त्याचं लक्ष दगडांकडे होतं. "गंमत बघ. गल्लीच्या मधोमध गार आहे. गरम पट्टा इकडून भिंतीशी वळतो आणि पुन्हा मधे जातो."

भिंगरी त्या गरम पट्ट्यावरून शेवटपर्यंत चालत गेली. कारण गेले पंधरा दिवस घरात एकच वाक्य घुमत होतं. पाणी कुठंतरी जातंय. ते वाक्य तिच्या मामाचं होतं.

मामा दवाखान्याच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायचा. बावीस वर्षं. चादरी धुवायला आणि दवाखान्यातल्या रुग्णांना अंघोळीला लागणारं गरम पाणी त्याच्याच बॉयलरमधून जमिनीखालच्या नळानं गल्लीपलीकडे जायचं. पंधरा दिवसांपासून पलीकडे पाणी कोमट पोहोचू लागलं होतं. रुग्ण कुरकुरले, परिचारिका ओरडल्या, आणि देखरेखीच्या साहेबांनी निकाल देऊन टाकला की म्हातारा रात्रपाळीत झोपतो आणि भट्टी मंदावते. सोमवारपासून बॉयलरवर दुसरा माणूस येणार होता आणि मामानं घरी बसायचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

भिंगरी मोज्यांचं बोचकं घेऊन बॉयलरच्या खोलीत धावली. मामा स्टुलावर बसून बॉयलरच्या दाबाच्या काट्याकडे बघत होता.

"मामा, गल्लीत दगड गरम आहेत. तू म्हणतोस ते खरंय, पाणी खाली जातंय."

मामानं मोजे घेतले आणि नळीवर नीट पसरले. दर वर्षी तो विचारायचा, कोण जिंकलं? आज त्यानं विचारलं नाही.

"मलाही तसंच वाटायचं बाळ," तो म्हणाला. "पण साहेबांनी खणून बघितलं. माती कोरडी निघाली. आता वाटतं, साहेब म्हणतात तेच खरं असेल. वय झालंय. डोळा लागत असेल आणि मलाच कळत नसेल."

"तू स्वतः येऊन बघ ना."

"पेटती भट्टी सोडून? तेवढी एक चूक मी अजून केलेली नाही."

भिंगरीला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला. मामाला कामावरून काढणार हे वाईटच होतं, पण मामाचा मामावरचाच विश्वास उडाला होता हे तिला सहन होईना. ती तशीच अर्धवट मोजे चढवून साहेबांच्या खोलीकडे निघाली. मागून मास्तर, त्याच्यामागे शेपूट.

साहेबांच्या बुटांत तोंड दिसेल अशी चमक होती. टेबलाच्या काचेखाली गल्लीचा नकाशा होता आणि त्यावर निळ्या शाईची सरळ रेघ.

"हा नळ. मधोमध," साहेबांनी काचेवर पेन आपटलं. "हातभर खणून घेतलं. ओल नाही. विषय संपला."

"खणल्यावर नळ दिसला का?" मास्तरनं विचारलं.

"नळ खाली असणारच. नकाशात आहे ना."

"तुम्ही खड्ड्यात बघितलं होतंत?" भिंगरीनं विचारलं.

"मी कशाला? माणसं होती. मी खिडकीतून सांगत होतो."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते तिघांना त्या क्षणी वाक्यात उपयोग न करताच समजलं.

"साहेब, एकदा बूट काढून गल्लीत चालून बघा. पाच मिनिटं," भिंगरी म्हणाली.

"अनवाणी? मी?" साहेब हसले. "सुट्टी आहे, पतंग-बितंग उडवा. चला, निघा."

दुपारभर भिंगरीला चैन नव्हतं. ती मास्तरच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. तिच्या धक्क्यानं दूध सांडलं आणि ते पुसायला घेतलेली वही मास्तरची निघाली.

"बस जरा," मास्तर कळवळला. "साहेबांनी बूट काढल्याशिवाय त्यांना पटणार नाही. आणि ते बूट काढणार नाहीत. गणित इथं अडलंय."

"आपण त्यांचे बूट लपवू," शेपूट म्हणाला.

"पायातले कसे लपवणार?"

भिंगरी चालता चालता थांबली. "माणूस स्वतःहून बूट कधी काढतो?"

"झोपताना. अंघोळीला. पाहुणा म्हणून गेल्यावर."

"पाहुणा," भिंगरी म्हणाली. "मास्तर, मोठा कागद काढ. तुझं ते वळणदार अक्षर आज कामाला येऊ दे. उद्या शुक्रवार आहे."

दर शुक्रवारी सकाळी साडेसातला दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरबाई धुलाईघर बघायला त्याच गल्लीतून जायच्या, आणि साहेब त्यांच्यामागे अदबीनं चालायचे.

"पण वर्षातून एकदाच फेरी असा नियम आहे," मास्तर कुरकुरला.

"नियम कोणी लिहिला?"

"मी."

"मग खोड."

मास्तरनं जड मनानं खोडला.

शुक्रवारी पारा साडेचारवर होता. तिघांनी खडूनं गल्लीत रेघ आखून ठेवली. सुरुवात मधोमध, मग डाव्या भिंतीकडे वळण, मग पुन्हा मधे. बरोबर साडेसातला डॉक्टरबाई फाटकातून आल्या. शेपूट कागद पुढे धरून त्यांच्या वाटेत उभा राहिला आणि पाठ केलेलं एका दमात म्हणाला, "हिवाळ्यानिमित्त आमच्या अनवाणी फेरीला आपले साहेब प्रमुख पाहुणे आहेत आपणही यावं ही विनंती."

डॉक्टरबाईंनी कागद वाचला. "अरे वा. साहेब, तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हणजे... मुलं आहेत... मी काल..."

"पाहुण्यांनी बूट काढायचे असतात," भिंगरी नम्रपणे म्हणाली.

"मग मीही काढते," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि खरोखरच त्यांनी सपाता काढून हातात घेतल्या. वरिष्ठ अनवाणी उभ्या आणि आपण बुटात, असं साहेबांना कसं चालणार? ते वाकले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. शेपूट काही बोलणार, तेवढ्यात मास्तरनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

फेरी निघाली. डॉक्टरबाई शांतपणे चालत होत्या. साहेब तव्यावर ठेवल्यासारखे पाय उचलत होते. चार पावलांत त्यांचं नाक लाल झालं. रेघ डावीकडे वळली. साहेबांनी एक पाय टेकला. दुसरा टेकला. मग त्यांचे खांदे खाली आले, डोळे अर्धे मिटले आणि ते तिथंच उभे राहिले.

"साहेब, थांबेल तो बाद," मास्तर म्हणाला.

"असू दे, असू दे. तुम्ही व्हा पुढे," साहेब गोड आवाजात म्हणाले. "मी जरा इथंच बरा आहे."

पुढे गेलेल्या डॉक्टरबाई मागे वळल्या. त्या परत आल्या, साहेबांच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि वाकून त्यांनी दगडावर तळहात ठेवला.

"इथून खाली काय जातं?"

"काही नाही, बाई. नळ मधोमध आहे. नकाशा..." साहेबांनी बोलता बोलता खाली पाहिलं. आपण कशावर उभे आहोत हे त्यांच्या पायांना आधीच कळलं होतं, आता डोक्याला कळलं.

मग भिंगरीनं सगळं सांगितलं. कोमट पाणी, पंधरा दिवस, हातभर खड्डा, सोमवार. घाईत तिनं सोमवार आधी सांगितला आणि खड्डा नंतर, पण डॉक्टरबाईंना समजलं. त्यांनी तिथल्या तिथं खणणारी माणसं बोलावली. खडूच्या रेघेवर पहिले दगड उचलताच वाफेचा लोट वर आला. खाली नळाचा सांधा कुजून फुटला होता आणि बॉयलरचं पाणी भसाभस मातीत जिरत होतं. मधोमध खोल खणल्यावर एका बुजवलेल्या विहिरीचं दगडी कडं लागलं. नळ टाकणाऱ्यांनी तिला वळसा घातला होता. नकाशा काढणाऱ्यानं रेघ आधीच मारून ठेवली होती आणि ती पुसायला पुन्हा कोणी आलं नव्हतं.

"आणि गेले पंधरा दिवस इथून एवढी माणसं गेली, सगळी बूट घालून," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली, शेपटाचे गाल ओढले आणि भिंगरीला म्हणाल्या, "एवढ्या शिकलेल्या माणसांना जे डोक्यानं सापडलं नाही ते तुम्ही पायांनी शोधलंत. पुढच्या वर्षी मला निमंत्रण हवं. आत्ता साहेब आणि मी बॉयलरच्या खोलीत जातोय. साहेबांना तिथं काहीतरी बोलायचं आहे."

साहेब बोलले. चार वाक्यंच, आणि ती खाली बघत, पण बोलले. सोमवारी कोणी नवा माणूस येणार नव्हता. मामानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आधी मोजे घाला. पाय निळे पडलेत."

सगळे गेल्यावर खोलीत मामा आणि भिंगरी उरले. भट्टी घुमत होती. मामा स्टुलाशी उभा राहून काट्याकडे बघू लागला.

"म्हणजे मी झोपत नव्हतो," तो म्हणाला.

"आम्हाला माहीत होतं, मामा."

"मला माहीत नव्हतं गं," मामा म्हणाला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच काट्यावरची नजर काढून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भिंगरी त्याच्या जागी स्टुलावर बसली आणि त्याचं होईपर्यंत काट्यावर लक्ष ठेवलं.