अराबाचं अबोल पथ्य

"राहू दे! माझ्या हातची केंकी महाराणींच्या घशाखाली उतरत नाही!"

भरल्या पंगतीत सासूबाईंचे शब्द अराबाच्या काळजात खोल रुतले... रविवारची प्रार्थना आटोपून सारं घर सासूबाईंकडे जेवायला बसलं होतं. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे पानांत बांधून, उकडून एसाबाबाई तीस वर्षं समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावच्या बाजारात विकत होत्या; त्याच केंकीवर त्यांनी एकुलत्या मुलाला, अराबाच्या नवऱ्याला, एबोला वाढवलं होतं. सुनेने ती अर्धीच खाऊन बाजूला सारावी, यापरता अपमान कोणता!

"बारीक होऊन कुणाला दाखवायचंय गं?" चुलत नणंदेने चिमटा काढला.

अराबा मान खाली घालून माशाचे काटे काढत राहिली. काय सांगणार होती ती? लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि पाळी चार-चार महिने येत नव्हती; आली तर गोळी घेऊनच. "अंडाशयाचा विकार आहे, पीसीओएस म्हणतात," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "मका, कसाव्याचे कंद बेताने. मासे, चवळी, पालेभाजी भरपूर. गोड बंद, आणि रोज चालायचं." एबोने मात्र हात धरून विनवलं होतं, "आईला यातलं काही सांगू नकोस... नातवाच्या आशेवर जगतेय ती. खचेल." त्या एका शब्दाखातर ती निमूटपणे गर्विष्ठ ठरत होती!

बुधवारी दुपारी एसाबाबाई न कळवताच अराबाच्या घरी आल्या. अराबा खिडकीपाशी आरसा धरून हनुवटीवरचे राठ केस उपटत होती. दचकून तिने खांद्यावरच्या कापडाने तोंड झाकलं.

"काढ ते कापड."

सासूबाईंनी तिची हनुवटी उचलून उजेडाकडे वळवली... मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पाळी येते का गं वेळेवर?"

अराबाचा बांध फुटला. हुंदक्यांतून तिने सगळं सांगितलं.

"अगं वेडे, मलाही होते हे केस! माझी सासू चारचौघांत मला बाप्या म्हणायची. अकरा वर्षांनी एबो झाला; तोवर रोज उशी भिजायची माझी... आणि मीच तुला...!"

"हे म्हणाले, तुम्ही खचाल..."

"त्याला काय कळतंय डोंबल! तू गप्प राहून सोसलंस, आणि मी पंगतीत तुझी सालं काढली! माफ कर गं पोरी..."

त्या दिवसापासून एसाबाबाई कधी चवळी, कधी अळूची पानं घेऊन येऊ लागल्या. संध्याकाळी दोघी समुद्राकाठाने दूरवर चालत. पाय दुखले की एसाबाबाई कुरकुरत, पण परत फिरत नसत. एक महिना गेला, दोन गेले, तीन... अराबाच्या मनातली व्याकुळ प्रतीक्षा काही केल्या संपेना!

चौथ्या महिन्यात एका सकाळी ती धावतच बाजारात आली. गिऱ्हाइकांच्या गर्दीतून वाट काढत तिने सासूबाईंच्या कानाशी तोंड नेलं.

"आई... आली. गोळीशिवाय, आपणहून!"

बाळाची बातमी नव्हती ती. ती कधी येईल, येईलच का, कुणाला ठाऊक होतं? पण एसाबाबाईंनी उकळती हंडी तशीच सोडून सुनेला छातीशी कवटाळलं.

"काय झालं हो, का रडताय?" बायकांनी घाबरून विचारलं.

"काही नाही गं," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीला बरं वाटतंय!"