सोनबाच्या लेकीची पकड

पोलादपूरच्या अलीकडे एसटी थांबली ती थांबलीच. पुढे रस्त्याचं काम, वरून परतीचा पाऊस. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यातून रंजिताला कापलेल्या भाताची शेतं दिसत होती. घरचंही भात असंच आडवं पडलेलं, आणि महाडच्या कंपनीत लॅबमधून तिला आज लवकर सोडलं नव्हतं. ती आधीच धुमसत होती. त्यात पुढच्या सीटवरचा मुलगा मोबाईलचा आवाज मोठा करून कुणा कबड्डीपटूची मुलाखत ऐकत होता.

"जुने खेळाडू मोठेच... पण खरं सांगू? आमच्याकडे कापड्याच्या सोनबांचं नाव देवासारखं घेतात. ते मातीतले. आजच्या मॅटवर, आजच्या बचावासमोर ते आले ना, तर पहिल्याच चढाईत बाहेर."

"आवाज बंद करा," रंजिता म्हणाली.

मुलगा वळला. रुंद खांदे, हनुवटीवर ताजं खरचटलेलं – आणि मोबाईलमधला चेहरा तोच. स्वतःचीच मुलाखत ऐकत होता.

"सॉरी ताई."

"मी तुमची ताई नाही. सोनबांना खेळताना पाहिलंय तुम्ही?"

"नाही. माझ्या जन्माआधीच थांबले ते."

"मग कशावरून बोलता?"

"तुम्ही पाहिलंय?" त्याने विचारलं, अगदी साधेपणाने.

रंजिताने पाहिलं नव्हतं. ती जन्मायच्या आधीच बाबांचा गुडघा गेला होता. त्यामुळे तिचा राग दुप्पट झाला.

"मी त्यांची मुलगी आहे."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं... पण गाडी हलली, आणि पोलादपूरला रंजिता उतरली ती मागे न बघता.

रविवारी तो कापड्याला हजर. केस भिजलेले, हातात चपला. बांधावर उभा राहून म्हणाला, "मी चंदन. पाचाडचा. माफी मागायला आलोय."

आभाळ पुन्हा भरून येत होतं. सोनबा दुखरा पाय ओढत पेंढ्या बांधत होता, रंजिताची आई ठमाबाई त्या उचलून देत होती.

"माफी राहू दे," रंजिता म्हणाली. "भारे उचला. पाऊस यायच्या आत सगळं घरात पोचायला पाहिजे."

त्याने उचलले. पहिला भारा डोक्यावरून अर्ध्या वाटेतच घसरला.

"मॅटवर हे शिकवत नाहीत वाटतं?"

"नाही. बोला तुम्ही... ऐकतोय."

"ऐकायला बोलावलं नाही. उचला."

तो हसला. तिला हसायचं नव्हतं. तिने मान फिरवली, पण पुढच्या खेपेला निसरड्या बांधाच्या तोंडाशी ती त्याची वाट बघत उभी राहिली. पडला तर भात चिखलात जाईल म्हणून... एवढंच.

पाऊस कोसळायला लागला तेव्हा शेवटचा भारा पडवीत आला होता. सगळे ओटीवर चहा घेऊन बसले. चंदनने कप खाली ठेवला.

"काका, त्या मुलाखतीत मी जे बोललो..."

"बघितली मी," सोनबा म्हणाला. "खरं बोललास तू."

रंजिताचा कप ओठापाशी थांबला.

"आमच्या वेळी समोरचे गडी दिवसभर शेतात राबून यायचे," सोनबा सांगत होता. "अंधार पडला की खेळ बंद. तुमच्यासमोर बारा महिने कसरत करणारी पोरं हायत. मी टिकलो नसतो."

"आणि मला तुमच्या ढेकळांत अनवाणी सोडलं असतं, तर माझाही घोटा मोडला असता," चंदन म्हणाला. "मोजायचं कसं, काका?"

"मोजूच नये."

दोघं हसले. जणू वर्षानुवर्षांची ओळख. रंजिताने कप आपटला, चहा सारवणावर सांडला.

"शाळेत, बसमध्ये, कंपनीत... सगळीकडे मी तुमच्यासाठी भांडत आले, बाबा. आणि तुम्ही हसताय?"

ती मागच्या दारी निघून गेली. पागोळ्या गळत होत्या. थोड्या वेळाने मागे पावलं वाजली.

"एक विचारू?"

"नको."

"तुझा राग माझ्यावर नाय."

"तुझा? अगं-तुगं करायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाय." चंदन तिच्यापासून हातभर अंतरावर टेकला. "बांधावर तू उभी होतीस ना... टाचा उचलून, हात मोकळे. बाकी सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, तू पायांकडे बघत होतीस. तू कोपऱ्यात पकडीला खेळायचीस."

रंजिता एकदम बोलत सुटली, रागारागाने, पावसाकडे बघत.

शाळेच्या संघातून तिची जिल्ह्याला निवड झाली होती. कापड्याच्या नाक्यावर पोरींनी तिच्या फोटोचा बॅनर लावला. दुकानासमोर बसलेली माणसं तिच्या हाफ पँटवरून काहीबाही बोलली. ते बाबांच्या कानावर आलं. बाबांनी स्वतः जाऊन बॅनर उतरवला आणि गोठ्याच्या गळक्या कौलांखाली बांधला. "आता बस झालं," एवढंच म्हणाले. ज्या माणसाचा फोटो गावात घराघरात लागला होता, त्या माणसाने.

"त्यांना विचारलंस कधी?"

"नाही."

"मग मला शिव्या घालत बसू नको," चंदन हळूच म्हणाला. "मला चालेल गो... तुला पुरणार नाय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. भिजलेल्या पापण्या, हनुवटीवरचं ते खरचटलेलं. मग ती उठली आणि थेट ओटीवर गेली.

"बाबा, माझा बॅनर का उतरवलात?"

ठमाबाईचे हात थांबले. सोनबाने नजर अंगणात लावली.

"लोक बोलत होते गो."

"तुमच्याबद्दल बोलत नव्हते? शेत सोडून मैदानात पडलेला असतो म्हणायचे. तुम्ही थांबलात?"

"नाय."

"मग मलाच का थांबवलंत?" तिचा आवाज फाटला. "घाबरलात तुम्ही. दुकानासमोर बसलेल्या चार माणसांना घाबरलात."

"हां," सोनबा म्हणाला. "घाबरलो."

सोनबा भिंतीला धरून उठला, अंगणात उतरला आणि चांगल्या पायाच्या टाचेने ओल्या मातीत एक रेघ ओढली. पाऊस आता नुसता भुरभुरत होता.

"पोरा, चढाई कर," तो चंदनला म्हणाला. "कोपऱ्यात ही उभी राहील."

"असं करून माझा राग जाणार नाही, बाबा."

"नको जाऊ दे. उभी राहा."

रंजिताने ओढणी कमरेला घट्ट बांधली. चंदन रेघेपाशी आला आणि कुजबुजला, "मी हळूच येतो."

"हळू आलास तर पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही."

तो हळू आला नाही. कबड्डी-कबड्डी करत आत शिरला, डावीकडे झुकला, उजव्या हाताने तिच्या खांद्याला शिवला आणि पाणी उडवत परतला. गालात हसत होता. रंजिताची कानशिलं तापली.

"परत ये."

दुसऱ्या चढाईला त्याने पाय लांबवला, आणि ती खाली गेली. इतक्या वर्षांनी हातांना सांगावं लागलं नाही. घोटा दोन्ही पंजांत आवळला, खांदा त्याच्या गुडघ्याला भिडवला. चंदन धाडकन चिखलात आडवा झाला. त्याचा दम तुटला.

"बाद," सोनबा म्हणाला.

चिखलातूनच चंदनने मान वळवली. "आता सांग... मोठा कोण? ते की मी?"

"मी," रंजिता म्हणाली.

तो खळखळून हसला. "बरं. सोड मग."

तिने सोडलं नाही. "बसमधून उतरल्यावर थेट इथे का नाही आलास? इतके दिवस काय करत होतास?"

"धीर गोळा करत होतो. आईला सांगितलं, एक मुलगी भेटली... फार चिडते." तो थांबला. पाणी त्याच्या कपाळावरून वाहत होतं. "आणि तिचं चिडणं डोक्यातून जातच नाय... म्हणून सांगितलं, ती मला आवडली."

रंजिताचे कान पुन्हा तापले. या वेळी रागाने नव्हे... म्हणजे पूर्ण रागाने नव्हे.

"मला अजून राग आलाय," ती म्हणाली. "बाबांचा. आणि तुझाही."

"माहीत हाय."

"महाडला बायकांचा संघ आहे. मी उद्यापासून सरावाला जाणार. कुणी काही बोललं तरी."

"मी सोडायला येऊ?"

"सोडायला नको. समोर खेळायला ये."

तिने घोटा सोडला आणि हात पुढे केला. चंदन तो धरून उठला, आणि उभा राहिल्यावरही त्याने तो धरूनच ठेवला. तिनेही काढून घेतला नाही. सोनबाने खाकरून दुसरीकडे पाहिलं.

"आता चढाई कुणाची?" त्याने विचारलं.

"माझी," रंजिता म्हणाली. तिने हात सोडवून घेतला, दम भरला आणि रेघ ओलांडली.